एरंडेल न लावलेला गहू

बायको गावाला गेलेली असताना घरातलं कुठलंही काम आपणहून करू नये. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळायला हवं होतं, ते मुलगी कॉलेजात गेल्यावर कळलं.

पितृपक्ष संपत आला होता. बायको इंदूरला माहेरी गेलेली. पिठाचा डबा तळाला लागला, तेव्हा ती यायच्या आत दळण आणून तिला चकित करावं असं माझ्या मनात आलं. मोठ्या कोठीचं झाकण काही मला उघडेना. देवघराच्या खालच्या फळीवर मात्र एक पत्र्याचा डबा दिसला, तोंडाला फडकं बांधलेला. आत गहू, त्यात कडुनिंबाचा पाला आणि राख. मी पाला वेचला, सुपानं राख पाखडली, त्यातली बरीचशी स्वतःच्या अंगावर घेतली आणि डबा स्कूटरवर ठेवून गिरणीत गेलो.

गिरणीवाला दाणे हातात घेऊन म्हणाला, "बाबूजी, ये तो कठिया है. अब कहाँ मिलता है ये!"

मला वाटलं, माझंच कौतुक चाललंय. मी म्हटलं, "बारीक दळ."

बायको आली, तेव्हा मी तिला चपला काढायच्या आधी डब्यापाशी नेलं. तिनं पीठ चिमटीत घेतलं. मग खांद्यावरची पिशवी न उतरवता स्टुलावर बसली.

"हा जिज्जीचा डबा होता," ती म्हणाली. "बी होतं ते."

मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, सच में हद्द करता."

जिज्जी कोण हे सांगायला हवं. शिवपुरी रस्त्याच्या आतल्या अंगाला, जंगलाच्या कडेला एक गाव होतं. होतं, कारण आता ते नाही. तिथल्या एका शेतकरीणबाईला बायको जिज्जी म्हणते, म्हणजे थोरली बहीण. दरवर्षी चैतात जिज्जी बसच्या टपावर पोती टाकून कठिया गहू घेऊन आमच्या शहरातल्या लष्कर भागात यायची. दगडाळ जमिनीत, पाण्यावाचून, नुसत्या ओलीवर येणारा तांबूस कडक दाणा. त्याची शेवई तुटत नाही आणि त्याच्या चिकाची कुरडई तळली की फुलासारखी फुलते. बायको त्या कुरडया-शेवया करून लष्करातल्या मराठी घरांना देते. कुणा मुलीच्या रुखवतात आमच्या घरची कुरडई नसेल तर लोक विचारतात, की काय झालं. काही घरं वर्षाचा गहूही आमच्याकडूनच भरतात. बायकोचा हा धंदा माझ्या दुकानापेक्षा नेटका चालतो. ही गोष्ट आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, एवढाच माझा मान.

मग त्या बाजूला वाघ आणायचं ठरलं. जंगल कमी पडत होतं, म्हणून कडेची गावं आणि त्यांची शिवारं त्यात घेतली. बहुतेकांनी मोबदला रोख घेतला. जिज्जीनं हट्टानं जमिनीला जमीन मागितली. ती मिळाली दोन-तीन वर्षांनी, दूर, हमरस्त्याला लागून. यंदा तिथून उठताना तिनं हा डबा आमच्याकडे आणला होता. "बाई, नए घर पे अभी छत नहीं है. बारिश में बीज सड़ जाएगा. तुम धर लो, कातिक में ले जाऊँगी." बाकीचा गहू हलवाहलवीत खाल्ला गेला, काही विकला गेला. उरलं होतं ते एवढंच. या कार्तिकात नव्या जमिनीवर तिची पहिली पेरणी होती आणि तिचं बी मी बारीक दळून आणलं होतं.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट काहीतरी बोललो असतो आणि प्रकरण मार्गी लागलं असतं. तिनं पिठाच्या डब्याला पुन्हा फडकं बांधलं आणि तो होता तिथे, देवघराखाली ठेवून दिला. रोज सकाळी देवाला नमस्कार करायला वाकलो की डबा समोर.

माझा मुळात एका जागी बसायचा स्वभाव नाही. आमचे पूर्वज दख्खनेतून शिपाईगिरी करत इथे आले. त्यांच्या पायांतली भिंगरी माझ्यात उतरली, तलवार तेवढी वाटेत कुठेतरी राहिली. माझं टोपी बाजारात लग्नाच्या साफ्यांचं दुकान आहे. लढाईवर निघालेल्यांच्या डोक्याला बांधायचं ते मी बोहल्यावर निघालेल्यांच्या डोक्याला बांधतो. धोका साधारण तेवढाच. पण त्या दिवसांत माझे हात चालेनात. एका नवरदेवाचा तुरा मी मागच्या बाजूला खोचला. शेजारचा दुकानदार म्हणाला, "भाईसाब, दूल्हा घोड़ी पर उल्टा बैठेगा क्या?"

दाल बाजारात मी प्रत्येक आडत्याकडे जाऊन आलो. एकानं गादीवर बसवून चहा दिला आणि माझ्या अज्ञानाची कीव केली.

"कठिया? भैया, वो पथरीले गाँवों से आता था. वो गाँव उठ गए. जो किनारे पर बचे हैं, वो डर-डर के बोते हैं. रात को सूअर, दिन में नीलगाय. हाथ लगाओ तो मुसीबत."

"तो वो लोग अब बाज़ार में लाते क्या हैं?"

"लाते नहीं, ले जाते हैं. पहले गेहूँ, घी, चिरौंजी बेचने आते थे. अब आटे की थैली खरीदने आते हैं." त्यानं कपातला चहा बशीत ओतला. "मेरी दुकान तो दोनों में चलती है. पर मज़ा पहले था."

माझंही तसंच होतं. मोबदला मिळाला त्या लग्नसराईत त्या गावांतल्या नवरदेवांनी टोपी बाजार डोक्यावर घेतला होता. आधी जे लोक एक साफा भाड्यानं नेऊन भावाभावांत फिरवायचे, ते सगळ्या वरातीला एका रंगाचे साफे विकत न्यायला लागले. बाहेर नव्या मोटरसायकलींची रांग. मी बायकोला म्हटलं होतं, "वाघ येवो न येवो, लक्ष्मी आली." पुढच्या लग्नसराईला तेच लोक पुन्हा भाड्याचे साफे विचारायला लागले. त्यानंतर आलेच नाहीत. मोटरसायकली मात्र दिसतात अधूनमधून, दुधाच्या कॅनवाल्यांकडे.

घट बसले. देवघरात मातीच्या वेदीवर कलश, भोवती पेरलेलं धान्य, आणि खाली तो डबा. पूजा करताना माझी जीभ अडखळत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं वेताची परडी काढली, पुसली, हळदकुंकू लावलं.

आमच्याकडे नवरात्रातल्या शुक्रवारी देवीचा जोगवा मागायची रीत आहे. पाच घरी जायचं, परडी पुढे करायची, घरची बाई मूठभर धान्य किंवा पीठ घालते, त्याचा नैवेद्य करायचा. मागायची ती बायको. मी आपला पिशवी धरून दाराबाहेर उभा राहतो आणि ओळखीचं कुणी दिसलं की मोबाईल काढून कानाला लावतो.

"या वेळी तुम्ही मागायचं," ती म्हणाली.

"मी?"

"चैतात आपल्याकडून ज्यांनी गहू भरला, त्यांच्याच घरी जायचं. पीठ घ्यायचं नाही, तांदूळ घ्यायचे नाहीत. कठिया गहू मागायचा, अख्खा."

"लोक काय म्हणतील?"

"ते तुम्हीच ऐका. म्हणून तर तुम्हाला नेतेय."

पहिलं घर गोरखीजवळचं. तिथल्या काकूंचं शिस्तीत आयुष्य गेलेलं. मी परडी पुढे करून "जोगवा" म्हटलं, तर त्या आधी चष्मा लावून आल्या.

"तू? हिला काय झालं?"

"मी बरी आहे काकू," बायको मागून म्हणाली. "यांनी नवस केलाय."

मी केव्हा नवस केला ते मला आठवेना, पण मान डोलावली. काकूंनी गहू आणला. दाणे तुकतुकीत, एकसारखे, हाताला तेलकट. आपल्याकडे वर्षाचा गहू भरताना त्याला एरंडेल चोळतात, किडा लागू नये म्हणून. काकूंनी असं चोळलं होतं की गव्हात तोंड दिसावं.

"पेरायला हवाय," बायकोनं खरं ते सांगून टाकलं.

काकूंचा हात थांबला. "जोगव्याचं शिजवायचं असतं. पेरायचं नसतं."

"उगवलं की शिजवूच की, काकू."

त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी आणखी एक ओंजळ घातली.

पाच घरांवर भागेना, म्हणून आम्ही पुढे गेलो. एके ठिकाणी गव्हात बोरिक पावडर होती, दुसरीकडे एरंडेलही आणि पावडरही. एका वकिलांनी मला दारातच विचारलं, "काय हो, साफ्याचा धंदा इतका बसला?" आणि घरात जाऊन हसत हसत आपल्या बायकोला बोलावलं. पाटणकर बाजाराच्या मागे एक घर आहे. ते आळशी म्हणून आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध. त्या बाईंनी पोतं दाखवलं. पोतं तसंच पडलेलं, शिवणही अर्धीच उसवलेली.

"वहिनी, खरं सांगू? याला एरंडेल लावायचं राहूनच गेलं," त्या लाजून म्हणाल्या. "किडे झालेत थोडे. तुम्हाला चांगला देते, डब्यातला."

"नको नको, हाच द्या," बायको इतकी घाईनं म्हणाली की त्या बाईंना आमची काळजी वाटली.

घरी आल्यावर बायकोनं प्रत्येक घरचे दाणे वेगळ्या पणतीत, घटाशेजारच्या मातीत पेरले. उगवतंय की नाही ते दसऱ्यापर्यंत कळणार होतं. म्हणजे मला तोवर वाट बघायची होती, आणि वाट बघणं हेच काम मला जमत नाही. दुकानातून जेवायला आलो की आधी देवघरात. सकाळी दात घासायच्या आधी देवघरात. बोटानं माती उकरायची, दाणा फुगला का बघायचा, पुन्हा झाकायचा. काकूंच्या पणतीतला एक दाणा मी इतक्या वेळा वर काढला की त्याची माझी ओळख झाली.

"बाबा, इतके दर्शन तर मंदिरात पण नाही करत कोणी," मुलगी म्हणाली.

बायकोनं पाहिलं आणि पणत्या उंच फळीवर ठेवल्या. मी स्टूल घेतलं. तिनं स्टूल माजघरात नेलं.

दसऱ्याला घट हलले. काकूंच्या पणतीत काही नाही. दोष एरंडेलाचा की माझ्या बोटाचा, ते देवीला माहीत. पावडरीची घरं तशीच कोरी. एक-दोन ठिकाणी पिवळट, लंगडे कोंब. आळशी घराच्या पणतीत मात्र हिरवंगार, दाट, जणू साळिंदर अंग फुलवून बसलंय. दसऱ्याला घटाचे कोंब टोपीत खोवतात. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर तुरे लावत आलो, त्या दिवशी स्वतःच्या टोपीत आळशी घरचे कोंब खोवून सोनं वाटायला निघालो. पहिलं त्याच घरी दिलं. बायकोनं त्यांचं ते पोतं, किड्यांसकट, आपल्या डब्यातले पोळीचे गहू देऊन बदलून आणलं. त्या बाई अजून समजतात, की आम्ही फार मोठ्या मनाचे.

पोतं म्हणायचं ते अर्धंही नव्हतं, पण मला घेऊन निघायची घाई झाली होती. जिज्जी न्यायला येणार होती, तिची वाट बघवेना. त्यातून त्या रस्त्यावर माझं एक कामही होतं. जंगलाच्या फाटकाजवळ नवीन रिसॉर्ट झालंय. दारवानांसाठी आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी त्यांनी माझ्याकडे साफे सांगितले होते. मी ही गोष्ट घरात फारशी उगाळली नव्हती.

"दळणाचं तुम्हीच सांगा तिला," बायको म्हणाली. "मी येणार नाही."

फाट्यावर बस बदलायची होती. पूर्वी जिज्जीकडे जाताना याच फाट्यावर उतरायचो. हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवशीही हाट होता, पण भाजीचे चार ढीग आणि प्लास्टिकच्या बादल्या. आतल्या गावांचं धान्य येईना, म्हणून आटाचक्की बंद. तिच्या ओट्यावर टायर पंक्चरवाला बसलेला. लोहाराच्या जागी मोबाईल रिचार्ज. पलीकडे मात्र उघड्या जीपगाड्यांची रांग, हिरवे कपडे घातलेली पोरं आणि इंग्रजी पाटीचं चहाचं दुकान. चहा चांगला होता, हे कबूल करायला हवं. जीपवाला एक पोरगा म्हणाला, "अंकल, सीज़न में दम मारने की फुर्सत नहीं." सीझन नसताना काय करतोस, हे मी विचारलं नाही, तो ते करतच बसला होता.

रिसॉर्टच्या फाटकावरच्या दारवानानं मला सलाम ठोकला.

"मौसाजी! राम-राम!"

तो जिज्जीचा मुलगा. डोक्यावर माझ्याच दुकानचा नमुन्याचा साफा, आणि बांधलेला असा, की मी तिथेच पिशव्या खाली ठेवून त्याच्या डोक्याला हात घातला. साफा नीट बसेपर्यंत त्यानं पोत्याकडे पाहिलं.

"अम्मा का बीज?"

"हाँ... थोड़ा अलग मामला है."

"मौसाजी, आप अम्मा को समझाओ," तो आवाज खाली आणून म्हणाला. "सड़क से लगी ज़मीन है. साहब लोग वहाँ तंबू लगाना चाहते हैं, हर साल का किराया. नहर का पानी कब आएगा भगवान जाने. बोएगी तो नीलगाय खाएगी. तंबू को नीलगाय नहीं खाती."

त्याचं चुकीचं नव्हतं. तेच तर अवघड होतं. माझ्या एका हातात त्याच साहेब लोकांचे साफे, दुसऱ्या हातात पोतं. साफे आत देऊन टाकले तरी हात हलका होईना.

जिज्जीची नवी वस्ती सरळ रेषेत आहे. सगळी घरं एका मापाची, सगळ्यांच्या दारात तोच निळा ड्रम. जिज्जी खाटेवर बसून लसूण सोलत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

"पिसवा दिया?" ती म्हणाली. "पूरा?"

"पूरा."

सोललेल्या लसणाची पाकळी तिनं ताटलीत टाकली, मग दुसरी घेतली. तीही सोलली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा मला हाकलेल.

"रोटी कैसी बनी?"

"बनाई नहीं. डिब्बे में बंद है."

"हाय राम," आता मात्र ती खरंच चिडली. "बीज भी गया और रोटी भी नहीं खाई? सवा महीने में आटा कड़वा हो जाएगा! तुम लोग पढ़-लिख के करते क्या हो?"

मग तिनं पोतं उघडलं. मूठभर दाणे तळहातावर पसरले, किड्यांना फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला. मी घटाची, पणत्यांची, जोगव्याची हकीगत सांगितली. मी परडी घेऊन दारोदार फिरलो हे ऐकल्यावर ती इतकी हसली, की शेजारच्या खाटेवरची म्हातारी विचारायला लागली, काय झालं. जिज्जीनं तिला माझ्यादेखत सगळं पुन्हा सांगितलं, थोडं वाढवून.

हसणं संपल्यावर ती रस्त्याकडे बघत राहिली. तिचं शेत तिथून दिसत होतं, नांगरून ठेवलेलं, कुंपणाविना. पलीकडे रिसॉर्टचा झेंडा.

"बीज नहीं आता, तो मैं हाँ कर देती," ती म्हणाली. "लड़के को परसों यही बोला था. कातिक तक देखूँगी, बीज आया तो बोऊँगी, नहीं तो लगा लो तंबू."

पंधरवडाभर मी बायकोच्या कुरडयांच्या काळजीनं फिरत होतो. इथे माझ्या गिरणीच्या फेरीवर एक अख्खं शेत टांगलेलं होतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

"पर ये तो कम है, जिज्जी. पूरे खेत में कहाँ पुरेगा?"

"नहीं पुरेगा." तिनं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. "आगे की पट्टी उसको दे दूँगी, सड़क की तरफ. लगाए अपने तंबू. पीछे की मेरी. मेहमान सुबह उठके गेहूँ देखेंगे, फोटू खींचेंगे. नीलगाय भी तंबू की बत्ती से डरेगी." मग जरा थांबून, "शायद."

मुलाला समजावायचं की आईला, हे मला ठरवता येईना. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडची जागा सोडून उभाच राहिलो. शेजारचा म्हणाला, "बैठ जाओ भाईसाब, बस उतनी ही रफ़्तार से चलेगी."

घरी येऊन सांगितलं, तेव्हा बायकोनं पहिल्यांदा देवघराखालचा डबा बाहेर काढला. पीठ हुंगलं. अजून चांगलं होतं. त्या रात्रीच्या पोळ्या तांबूस आणि गोडसर झाल्या. आम्ही तिघंही एकेक पोळी जास्त जेवलो. काकूंकडे, वकिलांकडे आणि आळशी घरीही दुसऱ्या दिवशी थोडं थोडं पीठ गेलं. काकूंनी निरोप पाठवला, की शेवटी शिजवलंच ना, मी सांगितलं होतं.

कार्तिक उजाडला. जिज्जीच्या मुलाचा फोन आला, की अम्मानं मागची पट्टी पेरली, पुढे खुंट्या ठोकल्या. त्यापुढे काही नाही. थंडी पडायला लागली तशी माझी झोप उडाली. ओल टिकली असेल का? नीलगाय आली असेल का? तंबूवाल्यांनी मागच्या पट्टीवर जीप वळवली तर? आळशी घरचे दाणे पणतीत उगवले म्हणून काय दगडाळ रानात उगवतील? परवा सकाळी मी बायकोला म्हटलं, "एक दिवस दुकान बंद ठेवतो. जाऊन नुसतं बघून येतो, वर आलंय का."

ती कुरडयांचा सोऱ्या पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊन काय त्याला शेंडीला धरून वर ओढणार आहात? बसा घरी. आणि बसवत नसेल तर तो पत्र्याचा डबा घासून उन्हात ठेवा. चैतात लागला तर लागेल. घासून झाला की मात्र पुन्हा त्याला हात लावायचा नाही."